हातभाराची पाचर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राज्य कुणाचं होतं हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. राजे आले, राजे गेले. पण डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या काठी, एक पाणचक्की होती, एवढं मात्र नक्की.

मुलांनो, आणि मुलांना पुढे बसवून मागून कान देणाऱ्या मोठ्या माणसांनो, आधी ही चक्की कशी होती ते ऐका. ती समजली नाही तर पुढचं भांडण समजायचं नाही.

ओढ्याचं पाणी पाटातून यायचं, पाटातून लाकडी पन्हळीत उतरायचं आणि पन्हळीतून जोराने खाली पडायचं ते एका आडव्या चाकाच्या पात्यांवर. चाकाच्या मधोमध लाकडाचा उभा आस होता. चाक फिरलं की आस फिरायचा, आणि आसाच्या डोक्यावर बसवलेला दगड फिरायचा. त्याच्या खाली दुसरा दगड होता, तो जागचा हलत नसे. दोघांच्या मधे दाणे. जातंच होतं ते, फक्त ओढणारा हात पाण्याचा.

आता एवढा उंच आस मधेच डुगडुगू नये म्हणून दगडाखाली एक भक्कम लाकडी चौकट होती. आस त्या चौकटीतून वर जायचा. त्याला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे टेकवलेले असत, आणि ठोकळे जागेवर राहावेत म्हणून चौकटीत बाजूने एक लांब पाचर मारलेली असे. एवढी सगळी चक्की, आणि तिला सांभाळायला एकच बाई.

तिला सगळं गाव आत्या म्हणायचं. तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा आत्याच म्हणायची. नवरा गेला तेव्हा ती चक्कीवरच राहिली. चक्कीला लागून एक खोली होती, खोलीला एक दार होतं, दाराशी तुळस होती. आत्याचा संसार म्हणजे एवढाच.

आत्याला एक सवय होती. ती येताजाता सगळ्यांचे उपकार मानायची. दळण घेऊन कुणी आलं तर म्हणायची, "बरं झालं बाई आलीस." दळण घेऊन निघालं तर म्हणायची, "बरं झालं वेळेत झालं." सकाळी पाट उघडल्यावर पाण्यालासुद्धा ती "आलंस का, बरं झालं" म्हणायची. गावातल्या टवाळांना याचं फार हसू यायचं. ते म्हणत, "आत्याच्या पायावर दगड पडला, तर आत्या म्हणेल, बरं झालं, दुसऱ्या पायावर नाही पडला." आत्याही त्यांच्याबरोबर हसायची.

पण चक्कीचे उपकार सगळ्या गावावर होते. ती होती म्हणून त्या गावातल्या बायकांना पहाटे उठून जात्याशी बसावं लागत नव्हतं. घराघरातली जाती कोपऱ्यात उभी करून ठेवली होती आणि त्यांच्यावर कोंबड्या बसत होत्या.

मग काय झालं, चक्की म्हातारी झाली. आस झिजला. फिरताना ती कण्हायला लागली आणि पिठात कधी कधी कचकच लागू लागली. आत्या गावाच्या बैठकीत गेली आणि म्हणाली, "फिरतेय तोवरच खोलून नीट करू या. अडून पडली तर आस मोडेल, आणि आसाबरोबर दगडही फुटतील."

गावचे पाटील सावध माणूस होते. ते म्हणाले, "आत्या, फिरती चक्की मोडायची म्हणजे जिवावर येतं."

"माझ्याही येतं, पाटील," आत्या म्हणाली. "पण रोज तिचं कण्हणं मी ऐकते."

शेवटी गावाने होकार दिला आणि काम सुरू झालं. सुताराने नवा आस घडवला, चाकाला नवी पाती बसवली. आस ज्यावर उभा राहून फिरतो ते बुडाचं लोखंडी टोक लोहाराने करून दिलं. पाथरवटाने दोन्ही दगडांना टाकी लावून त्यांची झिजलेली तोंडं पुन्हा खरखरीत केली. पाटाचं पाणी सांभाळणारा पाटकरी, त्याने पाट साफ केला. सगळं जागच्या जागी बसलं. राहिली होती ती फक्त पाचर.

त्या गावात एक रीत होती. गावाची सामाईक वस्तू कुठलीही असो, तिची शेवटची पाचर एकट्या सुताराने मारायची नाही. सुताराने ती नुसती टेकवायची, आणि मग प्रत्येक घराने तिच्यावर एकेक घाव घालायचा. याला ते हातभार म्हणत. हातभाराची पाचर एकदा बसली की ती कुणी हलवायची नाही, कारण ती हलवणं म्हणजे गावाचा हात झिडकारणं. आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून असंच चाललं होतं. तेव्हा गाव केवढंसं, ओढ्याच्या अलीकडे मूठभर घरं. आता ते ओढ्याच्या पलीकडेही पसरलं होतं.

हातभाराच्या दिवशी चक्कीवर जत्रा लोटली. एक रांग लागली ती पार वडापर्यंत. प्रत्येकाने लाकडी हातोडा उचलायचा, आत्याकडे बघून हसायचं आणि घाव घालायचा. आत्याच्या चक्कीवर हलका घाव घालायचा कसा? तालमीतल्या पहिलवानाने तर आधी दंड थोपटले. एका जख्ख म्हातारीला तिच्या नातवांनी खाटेवर घालून आणलं, तिनेही कशीबशी हातोड्याने पाचरीला टिचकी मारली. पाटलांची घरं दोन, एक जुनं आणि एक नवं, म्हणून त्यांनी दोन घाव घातले. आत्या प्रत्येकाला हात जोडत होती. तिचे डोळे सारखे भरून येत होते.

मग पाट उघडला. पाणी धावत आलं, पन्हळीतून कोसळलं, पात्यांवर आपटलं आणि उसळून लोकांच्या अंगावर उडालं. चाक मात्र हललं नाही.

पाटकऱ्याने पाणी वाढवलं. चाक हललं नाही. पहिलवानाने पात्याला धरून रेटा दिला, तरी हललं नाही. नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

सुतार म्हणाला, "टाकी लावताना दगड वाकडा केलाय. घासतोय तो."

पाथरवट म्हणाला, "माझ्या आज्यापासून आम्ही दगड घडवतो. तुझा आस ओल्या लाकडाचा आहे, तो फुगला असेल."

"लाकडाचं मला माहीत नाही," लोहार म्हणाला, "पण पाण्याला जोर कुठाय? असल्या पाण्यात माझ्या घरचं पाळण्यातलं पोर खेळेल."

पाटकरी म्हणाला, "पाणी तेच आहे, जुनं चाक याच पाण्यावर फिरत होतं. लोखंडच कुठेतरी अडकलंय बघा."

असं ते फिरत फिरत शेवटी आत्यापाशी आलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "चांगली फिरती चक्की होती. हिच्या सांगण्यावरून मोडली." आत्याने मान वर करून बघितलं, पण कोण बोललं ते तिला दिसलं नाही. न दिसलेलंच बरं होतं.

पाटलांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ते म्हणाले, "खालच्या गावच्या चक्कीचे दगड गेल्या पुरात वाहून गेले. ते बिचारे कधीपासून दगड मागताहेत. येत्या पौर्णिमेला बैठक घेऊ. तोवर चक्की फिरली तर उत्तम. नाहीतर हे दगड त्यांना देऊन टाकू. इथे नुसते पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी पोटाला उपयोगी पडतील."

यात पाटलांचं काही चुकीचं नव्हतं. पण दगड गेले की चक्की गेली, आणि चक्की गेली की आत्याची खोली कशासाठी? तिला भावाच्या गावी जावं लागलं असतं. भाऊ वाईट नव्हता. पण त्याच्या घरात तिला एक कोपरा मिळाला असता, आणि इथे तिला स्वतःचं दार होतं. त्या वयात बाईला दार सोडून कोपऱ्यात जायचं म्हणजे काय, ते मोठ्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी चक्कीकडे कुणी फिरकलं नाही. सुतार आला नाही, लोहार आला नाही, पाथरवट आला नाही. त्यांना आत्याची काळजी नव्हती असं नाही. पण जो आधी बघायला जाईल, त्याच्याच कामात खोट आहे असं गाव म्हणेल, या भीतीने जो तो आपल्या घरात बसून राहिला. गावात मात्र पहाटेची जाती घरघरू लागली होती.

आत्या चाकाशी बसली होती. तीही माणूसच होती, तिलाही राग आला. तिने मनातल्या मनात एकेकाला उभं केलं. सुतार जरा घाई करतो. लोहाराला सांगितलेलं ऐकू येत नाही, म्हणजे कान शाबूत आहेत, पण ऐकत नाही. पाथरवट सारखा पान खायला उठत होता. पाटकरी तर मुलखाचा आळशी. दुपार होईतो आत्याने चौघांनाही दोषी ठरवून टाकलं, आणि चाक होतं तिथेच होतं.

तेव्हा तिला आपलंच हसू आलं. ती स्वतःशी म्हणाली, "चार माणसांच्या खोडी काढून झाल्या, पण चक्कीचं काय बिघडलंय ते एक कळलं नाही."

ती उठली, पदर खोचला आणि पाटकऱ्याच्या दाराशी गेली. तिला बघून पाटकरी आतूनच म्हणाला, "आत्या, पाणी बरोबर आहे."

"असेल रे," आत्या म्हणाली. "मी तुझी चूक काढायला आले नाही. मला चार काळज्या आहेत. पाण्याची काळजी तू मिटवलीस तर तीनच राहतील. तेवढे उपकार कर."

यावर नाही काय म्हणणार? पाटकरी आला. तो पाटाच्या कडेकडेने वरपर्यंत गेला, परत आला, आणि पन्हळीच्या तोंडाशी वाकून बराच वेळ तसाच राहिला. मग त्याने आत हात घालून गवताचा एक मोठा बोळा बाहेर काढला.

"पाट साफ केला तेव्हाचं गवत," तो खाली मान घालून म्हणाला. "वाहत येऊन इथे बसलंय. माझ्याकडून राहिलं, आत्या."

"बरं झालं सापडलं," आत्या म्हणाली, "आणि तूच सांगितलंस हे त्याहून बरं झालं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुला लागलं असतं." आणि तिने त्याला तांब्याभर ताक दिलं.

पाणी आता दुप्पट जोराने आलं. चाक तरीही हललं नाही. पण संध्याकाळी पाणवठ्यावर आत्या बायकांना म्हणाली, "पाटकऱ्याने फार काम केलं. पाण्याची काळजी मिटली." गवताचं तिने कुणाला सांगितलं नाही. पाटकऱ्यानेच चावडीवर बसून ते सगळ्यांना सांगितलं, वर म्हणाला, "चूक माझी निघाली आणि ताकही मलाच मिळालं." लोक खूप हसले. पण हसताना ते त्याच्याकडे आपुलकीने बघत होते, आणि हे पाथरवटाने पाहिलं.

सकाळी पाथरवट आपणहून आला. आल्या आल्या म्हणाला, "वरचा दगड उचलून बाजूला ठेवू. दगड नसताना चाक फिरलं तर चूक माझी."

आत्याने दोर आणले, पाटकरी मदतीला होताच. दगड उचलला, बाजूला ठेवला, पाणी सोडलं. चाक हललं नाही. पाथरवटाने एवढा मोठा सुस्कारा सोडला की जणू दगड त्याच्या छातीवरून उचलला होता.

आत्या म्हणाली, "तुझे फार उपकार झाले. दगडांत खोट नाही हे कळलं. आता मला तिकडे बघायलाच नको."

पाथरवट जरा चकित झाला. "मी तर काहीच सापडवलं नाही, आत्या."

"कुठे नाही ते सापडवलंस," आत्या म्हणाली. "त्यामुळे मला अर्ध्या चक्कीतच शोधायचं राहिलं."

पाथरवट घरी गेला नाही. तो म्हणाला, "लोहाराला मी बोलावून आणतो. त्या दिवशीच्या भांडणात मी त्यालाही बरंच काही बोललो होतो, तेही जरा निस्तरायचं आहे."

लोहार आला, पण कुरकुरत आला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "माझं टोक चोख आहे. मी सांगतोय ना."

आत्याने वाद घातला नाही. "चोखच असणार. तुझ्या हातचा विळा मी अजून वापरते. पण तू डोळ्यांनी बघून चोख म्हणालास, तर मी निर्धास्त पुढे जाईन."

टोक बघायचं तर आस थोडा वर उचलायला हवा. लोहाराने आणि पाथरवटाने मिळून आसाला मिठी मारली आणि वर ओढला. आस उचलला गेला नाही. पाटकरीही लागला. तिघांचे चेहरे लाल झाले, पण आस तसूभर वर आला नाही. लोहाराने हात सोडले आणि तो डोकं खाजवत उभा राहिला. आता त्याच्या आवाजात कुरकूर नव्हती.

"हे बघ आत्या," तो म्हणाला, "खाली टोक अडकलं असतं, तर आस फिरला नसता, पण वर उचलता आला असता. तो ना फिरतोय ना उचलला जातोय. म्हणजे त्याला खाली कुणी धरलेलं नाही, मधेच कुणीतरी धरलंय."

"किती चांगलं सांगितलंस," आत्या म्हणाली. पहिल्यांदाच कुणी माणसाचं नाव न घेता चक्कीबद्दल बोललं होतं.

मधे म्हणजे लाकडी चौकट. आणि चौकट सुताराची.

सुताराने दाराला आतून कडी लावली होती. तो त्या दिवसापासून नीट जेवला नव्हता. हौसेने घडवलेला आस आपला, आणि तोच अडून बसला, हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. आत्या त्याच्या पायरीवर बसली आणि दाराकडे तोंड करून बोलायला लागली.

"सुतारदादा, आस बघितला मी रोज. असा सरळ आस माझ्या सासऱ्यांच्या वेळीसुद्धा नव्हता. चक्की फिरो नाहीतर न फिरो, त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहून गेले होते. उद्या मी भावाकडे गेले तर मानायला सवड मिळणार नाही, म्हणून आले."

कडी निघाली. सुतार दारात उभा होता. तो पायात वहाणा घालून तिच्याबरोबर निघाला.

चक्कीवर आल्यावर तो चौकटीशी गुडघे टेकून बसला. त्याने ठोकळ्यांवरून बोट फिरवलं. ठोकळे आसाच्या लाकडात चक्क रुतले होते. मग त्याने पाचरीकडे बघितलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"मी पाचर टेकवली तेव्हा ती वीतभर बाहेर ठेवली होती," तो हळूच म्हणाला. "आणि हातभाराच्या आधी मी आस एका हाताने फिरवून बघितला होता. फिरत होता."

आता पाचरीचं नुसतं डोकं दिसत होतं. बाकीची सगळी आत गेली होती, आणि तिचं निमुळतं टोक चौकटीच्या पलीकडून बाहेर आलं होतं. कुणी सांगायची गरज नव्हती. जुन्या गावाची मूठभर घरं होती, तेव्हा तेवढे घाव पाचरीला पुरेसे होते. आता घरं झाली होती ढीगभर, आणि प्रत्येकाने जीव ओतून घाव घातला होता.

पाथरवट इकडेतिकडे बघून म्हणाला, "आपण चौघं आणि आत्या, एवढेच आहोत. पलीकडून हळूच ठोकून थोडी सैल करू. कुणाला कळणार आहे?"

क्षणभर आत्याच्या मनात आलं, करू द्यावं. उद्याच पौर्णिमा होती. चार ठोके मारले की चक्की फिरली असती, तिचं दार तिचं राहिलं असतं. पण तिने मान हलवली.

"नको. माणसांनी प्रेमाने घातलेले घाव आहेत ते. त्यांच्या पाठीमागे कसे काढू? आणि आज लपवलं, तर आपल्यानंतर जे कुणी ही चक्की बांधतील, त्यांची पुन्हा अशीच अडेल." एवढं बोलून तिने तोंडावर पदर धरला, कारण तिला भीती वाटत होती आणि ती कुणाला दिसायला नको होती.

पौर्णिमेला सगळं गाव चक्कीवर जमलं. खालच्या गावची माणसं दगड न्यायला बैलगाडी घेऊन आली होती. पाटलांनी आत्याकडे बघितलं. आत्या उभी राहिली.

"गावकऱ्यांनो, चक्की का अडली ते कळलंय," ती म्हणाली. "पाटकऱ्याने पाणी मोकळं करून दिलं. पाथरवटाने दगड तपासून दिले. लोहाराने कुठे बघायचं ते दाखवलं आणि सुताराने ते बघितलं. या चौघांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. आता तुमच्याकडे एक मागायचं आहे. तुम्ही घातलेल्या घावांनी पाचर फार आत गेली आहे. तिने आस आवळून धरलाय. ती थोडी मागे घ्यावी लागेल."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. पाटलांचा चेहरा कठोर झाला. "म्हणजे दोष गावाचा, असं म्हणतेस?"

"दोष नाही, पाटील. तुमची माया आहे ती," आत्या म्हणाली. "माझ्यासारख्या एकट्या बाईच्या चक्कीवर कुणी हात राखून घाव घातला नाही. मी रात्रंदिवस त्याचीच आठवण काढते. गावाची माया कमी पडून चक्की अडली असती, तर मी मुकाट्याने भावाकडे गेले असते. पण ती जास्त झाल्याने अडलीय, म्हणून मागायला धीर झाला. तुमचा हात मला झिडकारायचा नाही. तुमच्याच हातांनी थोडं मागे घ्या, एवढंच म्हणते."

खाटेवरून आणलेली ती म्हातारी गर्दीतून म्हणाली, "आजवर असं कधी झालं नाही गं बाई."

"नाही झालं, आजी," आत्या म्हणाली. "गावही आजवर एवढं मोठं झालं नव्हतं."

सगळे पाटलांकडे बघायला लागले. पाटील पाचरीजवळ गेले, वाकले, तिचं आत गेलेलं डोकं त्यांनी बोटाने चाचपलं. त्यांना आपले दोन घाव आठवले असावेत. मग ते सरळ झाले आणि म्हणाले, "यात माझे दोन आहेत. आधी ते परत घेतो. हातोडा द्या."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, पाटीलही हसले, आणि इतके दिवस धरून ठेवलेला सगळ्यांचा श्वास सुटला.

पाटलांनी चौकटीच्या पलीकडे जाऊन पाचरीच्या टोकावर दोन घाव घातले. सुताराने आस हाताने फिरवून बघितला. नाही फिरला. मग पहिलवान आला. या वेळी त्याने दंड थोपटले नाहीत. सुताराने पुन्हा बघितलं, नाही. रांग लागली. एकेक जण येत होता, घाव घालत होता, सुतार आस धरून बघत होता आणि मान हलवत होता. म्हातारीने या खेपेलाही टिचकी मारली. ओढ्याच्या अलीकडची घरं संपत आली. एक कुंभार पुढे आला, त्याने बेताचा घाव घातला, आणि सुताराच्या हाताखाली आस सरकला.

"थांबा," सुतार म्हणाला. त्याने आस पुन्हा एका हाताने फिरवला. फिरला, पण डुगडुगला नाही. "आता एकही घाव नको."

ओढ्यापलीकडची घरं, म्हणजे निम्मी रांग, तशीच उभी होती. त्यातली एक बाई हिरमुसून म्हणाली, "आमचं काय मग? आमच्या घराचा राहिला की."

आत्या त्या रांगेपाशी गेली. तिने त्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुमचा पाचरीत राहिला म्हणूनच आस जागेवर उभा आहे," ती म्हणाली. "सगळ्यांनीच परत घेतला असता तर चक्की खिळखिळी झाली असती. त्यांनी घेतला त्याचे उपकार, तुम्ही ठेवलात त्याचे उपकार." आणि रांगेतल्या प्रत्येकासमोर थांबून तिने हात जोडले.

मग दगड चढवला आणि पाट उघडला. पाणी आलं, पात्यांवर पडलं, आणि चाकाने सावकाश एक वेढा घेतला. दुसरा घेतला. मग ते असं फिरायला लागलं की मोजायला कुणी थांबलं नाही. चक्की कण्हत नव्हती. आत्या चौकटीला टेकून उभी होती आणि उघड उघड रडत होती. डोळे पुसायचंही तिच्या ध्यानात आलं नाही.

खालच्या गावची माणसं रिकामी गाडी वळवायला लागली. आत्याने त्यांना थांबवलं. पहिल्या दळणाचं सगळं पीठ तिने त्यांच्या गाडीत भरलं आणि म्हणाली, "तुमच्याकडे दगड बसेपर्यंत तुमचं दळण इथे आणा. गाव नाही म्हणणार नाही." गाव नाही म्हणालं नाही.

तेव्हापासून त्या गावात हातभाराची रीत राहिली, पण दर घावानंतर सुताराने हाताने फिरवून बघायचं आणि पुरे म्हटलं की थांबायचं, असं ठरलं. ज्यांची पाळी येत नाही, ती घरं पहिल्या फेरीला चाकाला हात लावतात. आत्या आपल्या दारातच म्हातारी झाली. आणि गावात पुढे काहीही अडलं, तरी कारागीर घरात लपून बसले नाहीत. ज्याच्याकडून काही राहून गेलं असेल तोच आधी येऊन सांगायचा, कारण सांगणाऱ्याचे इथे उपकार मानतात हे त्याला ठाऊक होतं.

तात्पर्य: दोष देत शोधणाऱ्याला माणसं सापडतात, आभार मानत शोधणाऱ्याला चूक सापडते.